साठीनंतरची मोटारसायकल



गेल्या हिवाळ्यात आमचे एक जुने स्नेही घरी आले. समुद्रपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही येथे तेच म्हणू. वय 61. चहा येण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून मोटारसायकलींची तीन-चार माहितीपत्रके काढून आमच्यापुढे पसरली. उंच, धिप्पाड, पुढच्या चाकावर चोचीसारखा मडगार्ड असलेल्या त्या गाड्या. खडी, ओढे, घाट ओलांडून लांबचा पल्ला गाठता यावा म्हणून त्या तयार केलेल्या असतात. बाजारात त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर टूरर’ असे नाव आहे.

‘‘यातली सगळ्यात मोठी घ्यावी म्हणतो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘दीक्षाभूमीवरून निघायचं. सांची, सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी. स्वतःच्या गाडीवर.’’

आम्ही हसलो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. गुरुजींना ते लागले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला होता, ‘‘बाबा, कार घ्या.’’ शेजारी म्हातारचळ म्हणाले होते. आता आम्हीही त्यांच्यात सामील झालो होतो. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी जे सांगितले, त्याने आमचे हसू मावळले. त्यांचे वडील 1956 साली धम्मदीक्षेसाठी दोन मुक्काम करून नागपूरला गेले होते, तेही दुसऱ्याच्या बैलगाडीत. गावातून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत, तो काळ त्यांच्या वडिलांनी पाहिला होता. ‘‘बापानं वहाणा हातात घेतल्या. मी त्या रस्त्यानं मोठ्या गाडीवर निघालो तर कुणाचं काय जाते?’’ असा त्यांचा प्रश्न होता.

कुणाचे काही जात नाही. म्हणूनच हा विषय आम्ही या सदरात घेतला आहे. साठीच्या माणसाने अशी गाडी घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणती, याचा विचार पुष्कळ घरांत चालला असेल. आपल्या समाजात पेन्शनवर निवृत्त झालेली, मुले मार्गी लागलेली पिढी आता मोठ्या संख्येने आहे. त्यांच्या मनात प्रवासाची ओढ आहे, आणि ती लाजण्यासारखी गोष्ट नाही.

तथागतांची चारिका वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत चालली होती. महापरिनिब्बान सुत्तात ते आनंदाला आपल्या शरीराविषयी सांगतात, की जुनी गाडी पट्ट्यांनी आवळून कशीबशी चालवावी, तसे हे शरीर चालले आहे. असे सांगूनही ते थांबले नाहीत. कुशिनारापर्यंत चालत गेले. आपल्या वर्ध्याचाच विचार करा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम केले, आणि श्रीलंकेपासून इंग्लंडपर्यंत ते फिरले. धम्माच्या अभ्यासासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करणारे धर्मानंद कोसंबी यांनी 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला देह ठेवला. वय झाले म्हणून घरात बसावे, असे आपली परंपरा सांगत नाही. मात्र गाडी जुनी झाली हे ओळखावे आणि पट्टे नीट आवळावेत, एवढे ती जरूर सांगते.

आता मानाचा प्रश्न. वाहन आणि मान यांचे नाते बाबासाहेबांइतके कुणी भोगले नसेल. 1901 साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना कोणी बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. पुढे 1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. पाहुण्याने पायी चालत वस्तीत यावे, हे तेथील आपल्या बांधवांना मानहानीचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला हाकणार नाही म्हणाला. म्हणून ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, असा आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, टांगा उलटला, घोडा व टांगा नदीत गेले आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आणि आपला मान राखण्याच्या भरात या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला, ही गोष्ट नोंदवून ठेवली.

हा प्रसंग आम्ही गुरुजींना पुन्हा आठवून दिला. अन्याय टांगेवाल्यांचा होता यात शंका नाही. परंतु ज्याला जे वाहन झेपत नाही, त्याने ते मानासाठी हाती घेऊ नये, हा धडाही त्यातच आहे. मान माणसाचा असतो. तो इंजिनाच्या सीसीवर मोजायचा नसतो.

गुरुजी म्हणाले, ‘‘मग झेपते का नाही, ते मोजू.’’ तेव्हापासून आम्ही दोघे मोजायला लागलो. ते माप येथे देत आहोत.

पहिले माप पायाचे. या गाड्यांची बैठक उंच असते. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 ही 2023 च्या नोव्हेंबरात आली. तिच्या बैठकीची उंची 825 मिलिमीटर, आणि ती 845 पर्यंत वाढविता येते. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची 835. हीरोच्या एक्सपल्स 200 ची 825. गुरुजींची उंची पाच फूट चार इंच. शोरूममध्ये ते बसले तेव्हा दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. गुळगुळीत फरशीवर ते ठीक वाटते. पण थांबायची वेळ येते ती चौकात, उतारावर, मुरमावर किंवा चाकोरीच्या कडेला. तेथे पाय टेकायला जमीन दोन बोटे खोल असली, की गाडी कलते, आणि कललेली गाडी साठीचा गुडघा सावरू शकत नाही. म्हणून निदान एक पाऊल टाचेसकट टेकले पाहिजे. नेहमीचे बूट घालून, आणि मागे माणूस बसवून हे पाहावे.

दुसरे माप वजनाचे. हिमालयन 450 चे वजन 196 किलो, व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे 167, एक्सपल्स 200 चे 160 च्या आसपास. कागदावर तीस-चाळीस किलोचा फरक लहान वाटतो. त्यात सामान आणि मागची व्यक्ती धरा. शिवाय या गाड्यांचे वजन वरच्या भागात असते, त्यामुळे उभी असते तोवर हलकी वाटणारी गाडी कलली की एकदम जड होते. एका ओळखीच्या तरुणाने आपली मोठी गाडी गुरुजींना अंगणात फिरवायला दिली. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचे नाही, दोष गाडीचा नव्हताच. गुरुजींनी ती वळविताना मुरमावर पाय सरकला आणि गाडी हळूच आडवी झाली. कुणाला लागले नाही. परंतु ती उचलायला आम्हा दोघांसह तिसऱ्याला हाक मारावी लागली. गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओट्यावरून हे सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या हौसेले माही ना नाही. पण बैतूलच्या घाटात गाडी पडली त उचलन कोन?’’

एवढा नेमका प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता. आम्ही त्याचेच उत्तर शोधले. पडलेली गाडी उचलण्याची एक रीत आहे, ती प्रत्येकाने शिकावी. आधी इंजिन बंद करावे. गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ती घरंगळणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल, तर बाजूचा स्टँड आधीच काढून ठेवावा. मग गाडीकडे पाठ करून कंबर बैठकीला टेकवावी, एका हाताने हँडलचे टोक व दुसऱ्याने मागची कडी धरावी, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने लहान लहान पावले मागे टाकीत जावे. पाठीने ओढू नये, मणक्याला इजा होते. ज्या गाडीला ही रीत वापरूनही आपण एकट्याने उभे करू शकत नाही, ती गाडी आपली नव्हे. विकत घेण्यापूर्वी, कुणाला तरी सोबत घेऊन, मऊ गवतावर ही परीक्षा द्यावी. गुरुजी मोठ्या गाडीच्या परीक्षेत नापास झाले. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, त्यांनी तो निकाल हसत मान्य केला.

तिसरे माप रस्त्याचे. आपल्याला जायचे आहे कुठे? लडाखच्या खिंडी ओलांडायच्या असतील, तर 21 इंची पुढचे चाक आणि लांब शॉकअप यांचा उपयोग आहे. परंतु दीक्षाभूमीपासून सांचीपर्यंत, आणि शिवनी, जबलपूर, रीवा या बाजूने सारनाथपर्यंत चांगला डांबरी व सिमेंटचा रस्ता आहे. तेथे उंच गाडीपेक्षा आरामाची बैठक, चांगला दिवा आणि भरवशाचे ब्रेक अधिक मोलाचे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी योजना, 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना सक्तीची आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ती आहे की नाही हे आवर्जून पाहावे. तसेच ट्यूबलेस टायर पाहावेत. आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झाले तर चाक उतरवावे लागते. ट्यूबलेसचे पंक्चर चाक न काढता वाटेतच बुजविता येते. साठीच्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 2022 साली सुरू झाला आणि 2025 मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, मग ती कितीही मोठी आणि महाग असो. ताशी सव्वाशेने पळणारी गाडी घेऊन आपण चालविणार त्याच जुन्या रस्त्यांवर, जिथे बैल, ट्रॅक्टर आणि शाळेची मुले आहेत. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. वेग 60 वरून 80 झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे थांबण्याचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते. वयानुसार आपली नजर आणि हात थोडे उशिरा चालतात. तेव्हा जास्तीत जास्त वेग किती, हा प्रश्न सोडून द्यावा, आणि 60-65 च्या वेगात गाडी शांतपणे, न थरथरता चालते काय, हे पाहावे.

चौथे माप बहुतेक पुरुष घेतच नाहीत. ते मागे बसणाऱ्या व्यक्तीचे. या उंच गाड्यांची मागची बैठक आणखी उंच. साडी नेसून एका बाजूला बसून दोनशे किलोमीटर जाणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, सलवार-कमीज घालावा, पाठीला टेकू व धरायला कडी असावी, आणि हेल्मेट दोघांनाही हवे. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचे आहे. आयएसआय शिक्का पाहूनच घ्यावे. आम्ही गुरुजींना म्हटले, वहिनींना शोरूममध्ये न्या आणि आधी त्यांना बसवा. ज्या बैठकीवर त्यांना चढता-उतरता येणार नाही, ती गाडी बाद. स्त्रीला विचारल्याशिवाय घरातील मोठा खर्च करू नये, असे आपण सभांतून सांगतो. ते शोरूममध्येही खरे असले पाहिजे.

वहिनींनी दोन गाड्या बाद केल्या. त्यातली एक गुरुजींची सर्वांत आवडती होती.

पाचवे माप शरीराचे. नवीन कायद्यानुसार पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला नमुना 1-अ मधील वैद्यकीय दाखला लागतो. हा दाखला केवळ शिक्का मारून आणण्याचा कागद नव्हे. सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी रुग्णालये आपल्या दाराशी आहेत. डोळे नीट तपासून घ्यावेत. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या गाडीचा दिवा रात्री डोळ्यांत पसरतो आणि मधले माणूस दिसत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना घेरी येते. मधुमेहात जेवणाची वेळ चुकली की साखर उतरते आणि हात कापू लागतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, की मी दिवसभर मोटारसायकल चालवू शकतो काय? गोळ्यांची यादी व रक्तगट लिहून खिशात ठेवावा. गुरुजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्यांनी आधी शस्त्रक्रिया केली, गाडी नंतर घेतली. दोन महिने थांबावे लागले, परंतु त्या दोन महिन्यांत त्यांचे काही बिघडले नाही.

सहावे माप पैशांचे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर तो 40 टक्के झाला. म्हणजे मोठ्या इंजिनाची हौस आता कराच्या रूपानेही महाग आहे. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि विमा यांचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. पैसे कमी पडले तर गाडी लहान घ्यावी, हेल्मेट लहान घेऊ नये. निवृत्तीनंतर कर्ज काढून हौस करू नये. आणि गाडीची दुरुस्ती वर्ध्यात होते की प्रत्येक वेळी नागपूरला जावे लागते, हेही आधी विचारून घ्यावे.

आता प्रवासाविषयी थोडे. भिक्खू संघाला पावसाळ्यात वर्षावास सांगितला आहे. आपणही तोच नियम पाळावा. आपली काळी माती ओली झाली की मोठमोठ्या गाड्या तिच्यावर साबणासारख्या घसरतात. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हाही निघू नये. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश व बिहारात दाट धुके असते. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारी आणि मार्चचा आरंभ, एवढाच काळ चांगला. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर पुरेत. तासा-दीड तासाने उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे, आणि दुपारी चारला मुक्काम गाठावा. रात्री चालवू नये. नागपूर ते भोपाळ साडेतीनशे किलोमीटर आहे. ते एका दिवसात गाठून दाखविण्याने कुणाला पुण्य लाभत नाही, बैतूलला मुक्काम करावा. लुंबिनीला जाताना सीमेवर गाडीसाठी नेपाळचा जकात परवाना, ज्याला तेथे भन्सार म्हणतात, तो घ्यावा लागतो. गाडीची मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत.

आणि थेट लुंबिनीला निघू नये. आधी भद्रावतीच्या विजासन लेण्यांपर्यंत जाऊन यावे. मग पवनीला जावे, तेथे उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. हे दोन प्रवास नीट झाले, अंग दुखून झोप उडाली नाही, तर सांची. सांचीनंतर पुढचे.

सोण नावाच्या भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी स्वर नाही, फार सैल सोडली तरी नाही. घरात बसून राहणे ही सैल तार. न झेपणाऱ्या गाडीवर स्वार होणे ही फार ताणलेली. मधली तार प्रत्येकाने आपल्या पायाने, हाताने आणि खिशाने मोजून लावायची आहे.

गुरुजींनी शेवटी गाडी घेतली. 350 सीसीच्या आतली, बुटकी, पूर्ण पाऊल टेकणारी. नाव सांगत नाही, कारण हे सदर जाहिरातीचे नव्हे. आणि त्यांना जी बसली ती तुम्हाला बसेलच असेही नाही. तिला चोच नाही, डोंगराचे चित्र नाही. एम.एच. 32 चा क्रमांक लागल्यावर पहिल्याच रविवारी पती-पत्नी भद्रावतीला जाऊन आले. परतताना ते समुद्रपूरजवळच्या आपल्या गावात शिरले. वडिलांनी ज्या रस्त्याने वहाणा हातात घेतल्या, त्याच रस्त्याने दोघे गेले, हेल्मेट घालून, ताशी वीसच्या वेगाने. गुरुजी सांगत होते, ‘‘गाडी कोणती आहे, हे कुणी विचारलंच नाही. सगळे एवढंच म्हणाले, गुरुजी आले.’’

ऑक्टोबरात त्यांचा सांचीचा बेत आहे. आम्हाला सोबत येण्याचा आग्रह चालला आहे. आमचा गुडघा काय म्हणतो, ते डॉक्टरांना विचारून ठरवू.

जयभीम.